मामींसाठी चिकूचा बर्फ

आमच्याकडे सासूला मामी म्हणायची पद्धत आहे, म्हणून लग्न झाल्यापासून मीही मामीच म्हणत आलो. त्या मला ‘पाव्हनं’ म्हणतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी मी पाव्हनाच. मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मामींचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या पुढे, आणि तिथे त्यांची खव्याची भट्टी. भट्टी म्हणजे फार मोठं काही नाही. पत्र्याची शेड, ओळीनं चार चुली आणि त्यावर चार लोखंडी कढया. आसपासच्या वस्त्यांवरून सकाळी दूध यायचं, ते मामी आटवायच्या. सासरे गेल्यानंतर पंधरा वर्षं ती भट्टी त्यांच्याच हातावर चालली. मेहुणा खवा घेऊन बाजाराला जायचा, पण कढईपाशी मामीच.

या चोवीस वर्षांत आमचं बोलणं फार झालं नव्हतं. “गाडी येळंवर मिळाली का,” “पोरगी अभ्यास करती का,” “जेवून घ्या,” एवढंच. मी गेलो की त्यांचा पदर डोक्यावर यायचा. मी बसलो असेन त्या खोलीत त्या कधी खाली बसल्या नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. आमच्यात राग-रुसवा काही नव्हता. सासू आणि जावई यांनी जेवढं बोलायचं असतं तेवढं आम्ही बोलत होतो, इतकंच.

मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत बायको भाऊबिजेला माहेरी गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आई भाकरी आमटीत कुस्करून, तीही चतकोरच खातेय. विचारलं तर म्हणाल्या, “घशात काटा अडकल्यावानी हुतंय, चार-सा महिनं झालं.” बायको त्यांना तशीच नगरला घेऊन आली. तपासण्या झाल्या. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. मामी न्हात्या-धुत्या झाल्या तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत होत्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, शेक देऊ. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. रविवार सोडून रोज, सात आठवडे, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध.

मामींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. “गावावरनं येऊन-जाऊन जमंल का?”

“नाही जमणार, आजी. इथंच राहावं लागेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. आजारापेक्षा लेकीच्या घरी, जावयाच्या समोर सात आठवडे काढायचे याचंच त्यांना जास्त ओझं झालं असावं.

पहिले दहा-बारा दिवस बायकोनं रजा काढली. मग शाळेत तपासणी लागली आणि रजा संपली. मी साहेबांना सांगून कायमची दुसरी पाळी मागून घेतली. म्हणजे दुपारी तीनपर्यंत मी घरी. बायको साडेनऊला शाळेत जायची, दहा वाजता मी मामींना रिक्षानं दवाखान्यात न्यायचो. त्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा टेकायचो. मागे शेजारी बसायला त्यांनाही अवघड आणि मलाही.

शेक द्यायच्या टेबलावर चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला आवळतात, डोकं हलू नये म्हणून. मी नेलं त्या पहिल्या दिवशी मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आणि गालांवर त्या जाळीचे चौकोन उमटले होते. “दुखलं का?” मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पदरानं गाल चोळले.

दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आपल्याला उष्णतेनं एखादा फोड येतो तसं नव्हे, आतून सगळं तोंड आणि घसा सोलवटून निघाला. तिखट, मीठ, आंबट, गरम, सगळं बंद. वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. तोंडाला कोरड पडायची आणि जी थोडी लाळ सुटायची ती गोंदासारखी चिकट. चव तर पूर्ण गेली. “तोंडात माती घातल्यागत लागतंय,” म्हणायच्या.

सगळ्यांनी एकच सुचवलं, दूध द्या. दुधात ताकद असते, ते झोंबणार नाही. मामींनाही ते पटलं. आयुष्य दुधात गेलेलं. पण पिशवीतल्या दुधाचा पहिलाच पेला त्यांना सोसला नाही. घशात त्याची चिकट तार धरायची, ती ना गिळता यायची ना बाहेर काढता यायची, आणि मग खोकून खोकून त्या अर्ध्या व्हायच्या.

बायकोनं भावाला फोन केला. तिला वाटलं, घरच्या म्हशीचं, ताजं असेल तर चालेल. मेहुणा पहाटेची धार काढून पहिल्या एसटीनं निघाला. बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन आला होता. “दाजी, काळ्या म्हशीचं हाय,” असं दारातच म्हणाला, जणू मामींचं औषधच आणलं होतं. मामींनी बरणीचं झाकण उघडून आत बघितलं. त्यांना वास येत नव्हता तरी नाक लावलं. मग पेल्यात ओतून दोन घोट घेतले.

दोनच घोट. त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही तिघं त्यांच्या भोवती उभे होतो. बायको पाठ चोळत होती, मेहुणा नुसता “आई, आई” करत होता. शेवटी तार तुटली आणि त्यांना श्वास आला. डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “घशात खवा आटतुय बघा माझ्या.” मग हातानंच खूण करून बायकोला सांगितलं, या दुधाचा सगळ्यांना चहा कर. मेहुणा चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पुढच्या सोमवारी वजन केलं तर काटा पुन्हा खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, मध्येच शेक थांबवता येणार नाही.  घरी आल्यावर मामी म्हणाल्या, “आजारी जनावराला नळीनं पाजत्यात तसं मला पाजनार का?” 

दुसऱ्या दिवशी सलाईन लावताना तिथल्या सिस्टरनं सहज सांगितलं, बर्फाचा बारीक तुकडा चघळायला द्या, तोंड बधिर होतं, बरं वाटतं. मी त्या दिवशी घरी येऊन बर्फ फोडून दिला आणि खरंच, तो तोंडात असेपर्यंत मामींचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, नुसत्या पाण्याचा बर्फ देण्यापेक्षा त्यात काहीतरी पोटात जाईल असं का देऊ नये?

पपई होती घरात. मी ती मिक्सरमधून काढली, थोडं पाणी घातलं आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या वरच्या खणात ठेवली. सकाळी बघतो तर डब्यात विटेसारखा दगड. तो उलथण्याच्या टोकानं फोडला आणि त्यातला एक पातळ तुकडा वाटीत घालून मामींना दिला. त्यांनी तो तोंडात घेतला आणि लगेच हातावर काढला. तुकड्याला रक्त लागलं होतं. काचेसारखी त्याची धार आतल्या सोललेल्या कातडीला लागली होती.

कारखान्यात एकदा माझ्या चुकीनं एका माणसाचं बोट सापडता सापडता वाचलं होतं. त्या सकाळी मला तेच आठवलं. मी पाणी आणलं, कापूस आणला, आणि काय करू, काय करू म्हणत तिथेच उभा राहिलो. मामींनी चूळ भरली. मग वाटी धरलेल्या माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवून दोनदा थोपटलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात मला लागला. कढईच्या दांड्यानं घट्टे पडलेला, खरखरीत, आणि अजून चांगला जोरकस.

रात्री मी पाळीवरून आलो तोवर बायकोला कळलं होतं, ती माझ्यावर चिडली. “घसा सोललाय तिचा, थंडी पडलीय एवढी, आणि तुम्ही बर्फ चारताय?” शेजारच्या काकूंनीही तेच ऐकवलं. जानेवारी होता आणि नगरची थंडी कडक असते. मामी स्वेटर, त्यावर शाल, पायात मोजे घालून बसलेल्या, आणि त्यांच्या हातात बर्फाची वाटी. बघणाऱ्याला ते क्रूरपणाचंच वाटणार. मी बायकोला म्हणालो, “सिस्टरला विचार तू.” तिनं खरंच दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन करून विचारलं आणि मग बर्फाला हरकत घेतली नाही.

मी मात्र घाबरलो होतो. तरी त्या दिवशी पपई परत मिक्सरमधून काढली, डब्यात घातली आणि फ्रीजचं दार लावलं. अर्ध्या तासानं आत डोकावून बघितलं आणि दार परत लावलं, तर मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे करून गोल फिरवला. मला कळलं नाही. परत फिरवला. त्या दिवसांत बोलायला लागायचं म्हणून त्या शक्यतो बोलत नसत. मी म्हणालो, “मिक्सर परत लावू?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आत आल्या, उलथणं घेतलं, फ्रीज उघडून डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. कडेनं जिथे नुकती बर्फाची पापडी धरायला लागली होती ती त्यांनी खरवडून आत घेतली, तळ मोकळा केला, सगळं एकजीव ढवळलं आणि डबा परत ठेवला. मग घड्याळाकडे बोट दाखवून अर्ध्या तासाची खूण केली.

अर्ध्या तासानं परत तेच. कडा खरवडायच्या, आत घ्यायच्या, ढवळायचं. तिसऱ्या वेळी माझ्या हातात उलथणं दिलं आणि माझं मनगट कसं वळतंय ते बघत राहिल्या. मी मधोमध ढवळत होतो. त्यांनी माझं कोपर धरून बाहेर ओढलं. कडेला, कडेला. कढईत दूध कडेनं करपतं आणि डब्यात रस कडेनं गोठतो. गरम आणि थंड एवढाच फरक होता, बाकी काम त्यांचं रोजचंच होतं.

दीड वाजेपर्यंत डब्यात दगड नव्हता. पपईचा दाटसर, मऊ गोळा होता, चमच्यानं उचलला तर वाकायचा. मामींनी एक चमचा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून तो विरघळेपर्यंत थांबल्या. गिळताना त्यांचा गळा वर-खाली झाला. खोकला आला नाही.

“कसं आहे?” मी विचारलं.

“चव न्हाई कळत,” त्या हळूच म्हणाल्या. “पर दाना कळतुय. मोठा पडलाय जरा.”

खव्याची पारख दाण्यावर करतात हे मला ऐकून माहीत होतं. त्यांच्या जिभेवरून गोड, खारट, आंबट सगळं निघून गेलं होतं, पण बारीक काय आणि जाड काय हे कळणं शाबूत होतं. आणि तेच त्यांनी धरून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरी रोज सकाळी दवाखान्यातून आल्यावर दाणा बारीक करण्याचं काम सुरू झालं.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या गोठवून मिक्सरमधून काढल्या की आपोआप सायीसारखं होतं हे तिथेच कळलं. केळ्याचा दाणा मामींना पसंत पडला, पण थोडं चिकट वाटलं. मग त्यात नारळाचं दूध घातलं. ओला नारळ खवून, कोमट पाण्यात वाटून, फडक्यातून पिळून. ते घशाला लागलं नाही, तार धरली नाही. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी ताकदीसाठी भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम अगदी मुलायम वाटून घालायला सांगितलं, तेही घातलं. द्राक्षं आंबट, ती लागायची. पेरूच्या बिया टोचायच्या. कलिंगडात पाणीच जास्त, कितीही ढवळलं तरी त्याचा बर्फ खडबडीत व्हायचा.

आणि मग चिकू. घराजवळच्या कोपऱ्यावर एक बाई फळांची पाटी घेऊन बसायची. तिला मी सांगून ठेवलं होतं, हाताला मऊ लागेल असाच चिकू दे. साल काढायची, बिया काढायच्या, मधला पांढरा दोरा काढायचा, कारण त्या दोऱ्यानं घसा धरतो. गर नारळाच्या दुधात आणि बदामात वाटायचा, मग डबा आणि उलथणं. चिकूचा स्वतःचाच एक रवाळपणा असतो. पहिल्या चमच्याला मामी थांबल्या. दुसरा चमचा त्यांनी स्वतःच घेतला.

“खव्यावानी हाय ह्ये,” त्या म्हणाल्या. “चव म्हाईत न्हाई. पर हाताखाली जसा लागतुय तसा.”

त्या दिवशी वाटी रिकामी झाली. मी ती विसळायला घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. जावयानं उष्टी वाटी धुवायची हे काही त्यांना चालेना. मी ती परत घेतली. दोघांनी ती वाटी थोडा वेळ धरून ठेवली आणि मग त्यांनी सोडली.

सहाव्या आठवड्यात त्यांच्या मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली. पदर डोक्यावर घेतला की तो मानेवर घासायचा आणि त्या कळवळायच्या. तरी मी खोलीत आलो की त्या पदर ओढायच्या. एका सकाळी मी डबा ढवळत होतो आणि मागे वळून बघितलं तर त्या पाटावर बसल्या होत्या, माझ्यापासून दोन हातांवर, डोकं उघडं, पांढरे केस नीट विंचरलेले. त्यांच्या हातात चिकू होता आणि त्या त्याची साल काढत होत्या. मी परत डब्याकडे तोंड केलं. त्यानंतर पदर आला नाही.

त्या वेळी त्या थोडं थोडं बोलायच्याही. डबा फ्रीजमध्ये असला की मधल्या अर्ध्या तासात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना खवा येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. “पयल्या दिशी सगळी कढई करपली,” त्या म्हणाल्या. “तुमचं मामा काय बोललं न्हाईत. करपल्याली खरवड काढून खाल्ली आन् म्हनलं, चांगली लागती.” सांगताना त्यांना हसू आलं, पण हसताना तोंड ताणलं की दुखायचं, म्हणून त्या तोंडावर हात धरून हसल्या. मी माझ्या सासऱ्यांना आठ-नऊ वर्षं ओळखत होतो. हा माणूस मला माहीतच नव्हता.

पाचव्या सोमवारी वजन होतं तेवढंच राहिलं. सहाव्या सोमवारी पावकिलोनं वाढलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि नळीचं नाव काढलं नाही. “काय देताय आजींना?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “कोण करतं?” मी म्हणालो, “मी ढवळतो, त्या सांगतात.” मामी खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होत्या, पण त्यांना ते आवडलं हे मला कळलं.

फेब्रुवारीत शेक संपले. तोंडातलं सोललेलं भरून यायला आणखी महिना गेला. हळूहळू मऊ भात, मग वरण, मग दुधात नव्हे, पाण्यात शिजवलेली नाचणीची पेज जायला लागली. चव मात्र येईना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, कुणाला महिने लागतात. जेवताना मामींचा चेहरा काम करणाऱ्या माणसासारखा असायचा. खायचंय म्हणून खायचं.

पाडव्याला बायकोनं गुढी उभी केली आणि नेहमीप्रमाणे कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, जिरं वाटून सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं ठेवलं. आमची मुलगी पुण्याहून आली होती, तिनं तोंड वाकडं करून गिळलं. मामींनी ते जिभेवर ठेवलं आणि त्या थांबल्या.

“कडू हाय,” त्या म्हणाल्या.

बायकोला वाटलं त्यांना सोसलं नाही. ती पाणी आणायला उठली.

“आगं बस. कडू हाय म्हनते. लई कडू हाय.” आणि त्यांनी हात परत पुढे केला.

बायकोनं आणखी चिमूटभर ठेवलं. ते खाताना मामींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, मग ती उठून आजीला बिलगून बसली. गोड यायला मे महिना उजाडला. आणि तेही पूर्ण नाही, अजूनही त्या म्हणतात की पहिल्या घासाला लागतं, मग जातं.

एप्रिलमध्ये त्या गावाला गेल्या. भट्टीच्या धुरात बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मेहुण्यानं कढया हातात घेतल्या होत्या आणि मामी शेडच्या बाहेर लिंबाखाली बाजेवर बसून तिथूनच सांगत राहिल्या. मी सुट्टीला गेलो की मीही त्याच बाजेच्या कडेला बसायचो.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मी बायकोबरोबर गेलो. सीताफळांचे दिवस होते. मेहुण्यानं खवा ठेवायला मोठा फ्रीज आणला होता आणि मामींनी त्याचा एक कोपरा बळकावला होता. आदल्या दिवसापासून त्यांनी आणि सुनेनं बसून सीताफळांच्या बिया काढल्या होत्या. एवढं किचकट काम दुसरं नाही, गराचा एकेक पांढरा भाग बीवरून सोडवायचा. सून म्हणत होती, यात थोडं दूध घालू, मुलांना आवडेल. मामी म्हणाल्या, “घालू नगं. मग मला कुठं खाता यील?” दूध त्यांच्या घशात अजूनही तार धरायचं, म्हणून घातलं नाही. सून हसली आणि सगळ्यांना तसंच वाढलं. ज्या घरातून तालुक्याला खवा जातो त्या घरात भाऊबिजेचं गोड नारळाच्या दुधात झालं. पोरांनी डबा चाटून साफ केला.

मामी तीन-तीन महिन्यांनी तपासणीला येत होत्या. गेल्या वेळी एकट्याच एसटीनं आल्या. डॉक्टरांनी घसा बघितला, मान चाचपली आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी मागे त्यांच्या शेजारी बसलो होतो.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. मेहुण्याच्या शेतातल्या बांधावरचं जांभूळ यंदा लगडलंय, त्यातली एक पाटी त्यांनी गावच्या टेम्पोवाल्याकडे देऊन पाठवली होती. “घावली का?” त्यांनी विचारलं.

“घावली. पण मामी, मला जांभूळ आवडत नाही. घसा धरतो.”

“मीठ लावून ठिवा आधी. मंग बिया काढा. आन् गाळून घ्या, नुसतं वाटू नगा.”

“साखर घालू?”

“गूळ घाला थोडा. आन् लई ढवळाय लागंल त्येला, त्यात पानी जास्त.”

“तुम्ही करून बघितलं का?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी करा, मंग मला सांगा दाना कसा पडतुय.”

आज रविवार आहे. सकाळपासून मी जांभळाच्या बिया काढतोय, दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झालेत. बायको म्हणतेय, उद्या असे हात घेऊन कामावर गेलात तर लोक विचारतील. पहिला डबा आत्ताच फ्रीजमध्ये ठेवला. अर्ध्या तासानं कडा खरवडायच्या आहेत.